नावाची पट्टी कशी करावी?

या महिन्याच्या भित्तिपत्रकात तुम्हाला एक बदल दिसला असेल. प्रत्येक लेखाखाली एक रंगीत पट्टी चिकटवली आहे. तिच्यावर लिहिणाऱ्याचे नाव आणि एक लहान चित्र आहे. ह्या पट्ट्या आम्ही चौथीच्या मुलांनी लॅपटॉपवर केल्या. त्या कशा करतात ते मी सांगणार आहे.

लिहिलेल्या कागदाखाली आपली खूण करायची रीत फार जुनी आहे. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात शिवाजी महाराजांची राजमुद्रा आहे. ती आठ कोनांची आहे आणि तिच्यावरची अक्षरे संस्कृतमध्ये आहेत. ती पत्राच्या वर उमटवत. पत्र संपले की शेवटी अजून एक लहान शिक्का मारत, त्याला मोर्तब म्हणतात. मोर्तब झाले की खाली कोणाला लबाडीने जादा ओळ घुसवता येत नसे. आमची पट्टी म्हणजे आमचे मोर्तबच म्हणा ना, फक्त रंगीत.

पट्टी करायला आम्ही गिम्प नावाचा प्रोग्रॅम वापरला. तो अमेरिकेत बर्कले येथे शिकणाऱ्या स्पेन्सर किम्बल आणि पीटर मॅटिस या दोघा विद्यार्थ्यांनी १९९५ साली करायला घेतला. तो फुकट मिळतो. त्याच्या खुणेवर एक कोल्ह्यासारखा प्राणी आहे, त्याच्या तोंडात ब्रश आहे. माझा चुलतभाऊ लासलगावला फ्लेक्सच्या दुकानात कामाला आहे, तो फोटोशॉप आणि कोरलड्रॉ वापरतो. फोटोशॉप १९९० साली निघाले, ते थॉमस आणि जॉन नोल या दोघा भावांनी केले. त्याला पैसे पडतात. गुरुजी म्हणाले, आपल्याला गिम्प पुष्कळ झाले. दादाने आम्हाला दोन रविवार शिकवले.

सगळ्यात आधी कागदाचे माप ठरवावे लागते. संगणकातले चित्र म्हणजे बारीक बारीक ठिपक्यांची रांगोळी असते. त्या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. छापताना एका इंचात ३०० ठिपके धरले तर अक्षर स्वच्छ येते. आमची पट्टी ६ इंच लांब आणि दीड इंच उंच आहे. म्हणून १८०० ठिपके लांब आणि ४५० ठिपके उंच. गुणाकार केला तर ८,१०,००० ठिपके होतात! माप लहान घेऊन मागून ताणले तर काय होते ते दादाने करून दाखवले. अक्षराच्या कडेला जिन्यासारख्या पायऱ्या दिसतात, नाहीतर सगळे धुकट होते. मोठ्याचे लहान करता येते, पण लहानाचे मोठे नीट होत नाही.

मग थर. गिम्पमध्ये एकावर एक काचा ठेवल्यासारखे थर असतात. सगळ्यात खाली रंगाचा थर, त्याच्यावर चित्र, त्याच्यावर नाव. चित्र सरकवले तरी नाव हलत नाही. मला ही युक्ती लई आवडली. वहीत एक गोष्ट पुसली की शेजारची पण पुसते, इथे तसे होत नाही.

चित्र मात्र आपले आपण काढायचे. काही मुलांना सिनेमातल्या नटाचे फोटो लावायचे होते. गुरुजींनी विचारले, तो फोटो तू काढलास का? ज्याने काढला त्याला विचारलेस का? मग कोणी काही बोलले नाही. आम्ही पांढऱ्या कागदावर काळ्या स्केचपेनने चित्रे काढली आणि उजेडात धरून मोबाईलवर त्यांचे फोटो घेतले. सावली पडू द्यायची नाही, नाहीतर कागद करडा दिसतो. गिम्पमध्ये ‘कलर टू अल्फा’ म्हणून एक सोय आहे. तिने कागदाचा पांढरा रंग निघून जातो आणि नुसत्या काळ्या रेघा राहतात. मी कांदा काढला. दुसऱ्यांनी द्राक्षाचा घड, बैल, ट्रॅक्टर आणि एकाने विंचूरकरांचा वाडा काढला.

रंग निवडायला ड्रॉपरसारखे एक चिन्ह आहे. ते फोटोवर टेकवले की तिथला रंग उचलला जातो. आमच्या गावच्या बाजार आवारात कांद्याचे ढीग पडतात, त्यातल्या एका लाल कांद्याचा फोटो काढून मी सालीचा रंग उचलला. पडद्यावर प्रत्येक रंग तांबडा, हिरवा आणि निळा या तीन उजेडांचा होतो. प्रत्येकाला ० ते २५५ असे २५६ आकडे. त्यामुळे १,६७,७७,२१६ रंग होतात. पण छपाई शाईची असते, उजेडाची नाही. म्हणून पडद्यावर चमकणारा पोपटी रंग कागदावर मळका येतो. कांद्याचा रंग बराचसा तसाच आला.

आता अक्षरांचे सांगते, कारण खरे काम तिथेच आहे. आपण ‘विंचूर’ हा शब्द घेऊ. त्याच्यात वर वेलांटी आणि अनुस्वार आहे, खाली उकार आहे. इंग्रजी अक्षरांसारखी घट्ट चौकट कापली तर वेलांटीचा माथा आणि उकाराचा पाय उडतो. म्हणून वर आणि खाली जागा सोडायची. दुसरे असे, की अक्षरांमधले अंतर वाढवायचे नाही. इंग्रजी नाव तसे ऐटदार दिसते, पण आपली शिरोरेघ मधे मधे तुटते आणि शब्दाचे तुकडे पडल्यासारखे वाटते. काही जुन्या प्रोग्रॅममध्ये तर वेलांटी भलत्याच जागी पडते आणि जोडाक्षर फुटते. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये लिहिलेले नाव दुसऱ्या संगणकावर उघडले की नुसती इंग्रजी गिचमिड येते. युनिकोडमध्ये लिहिले की तसे होत नाही.

फाँट म्हणजे अक्षरांचे वळण. विंडोजमध्ये ‘मंगल’ नावाचा फाँट आहे, तो र. कृ. जोशी यांनी केला. ते मोठे अक्षरचित्रकार होते, २००८ साली वारले. मंगल वाचायला चांगला, पण पट्टीवर मला बारीक वाटला. मी ‘बलू’ घेतला. तो मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेला आहे आणि फुकट मिळतो. त्याची अक्षरे पुरणपोळीसारखी जाड आणि गोल आहेत.

गडद रंगावर नाव उठून दिसावे म्हणून अक्षराभोवती पांढरी कड करतात. ‘अल्फा टू सिलेक्शन’ दाबले की अक्षरांचा आकार पकडला जातो. मग ‘ग्रो’ दाबून तो ६ ठिपक्यांनी फुगवायचा, नावाच्या खाली नवा थर घ्यायचा आणि त्यात पांढरा रंग ओतायचा. सावली, चकाकी असे पुष्कळ प्रकार आहेत, पण सगळे एकदम लावले तर नाव लपते. गुरुजींची परीक्षा अशी, की पट्टी भिंतीला लावून दहा पावले मागे जायचे आणि वाचायचे.

नावावरून आमच्यात भांडण झाले होते. सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी असा नियम केला आहे, की आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि मग आडनाव लिहायचे. आम्ही त्याच्या आधी जन्मलो, तरी आम्हाला तसेच लिहायचे होते. पण चार शब्द एका ओळीत घेतले तर अक्षर मुंगीएवढे होते. एक मुलगा म्हणाला, मावत नाही तर आईचे नाव काढून टाकू. मी म्हणाले, मग वडिलांचे काढ. त्यावर तो गप्प बसला. माझी आई शाळेत पोषण आहार शिजवते. भांडी आवरून झाली की ती भित्तिपत्रकापुढे उभी राहून एकेक अक्षर लावत वाचते. तिचे नाव नसते तर मी पट्टीच लावली नसती. शेवटी आम्ही दोन ओळी केल्या. वर आपले नाव मोठे, १९० ठिपक्यांचे. खाली आईचे, वडिलांचे नाव आणि आडनाव ८० ठिपक्यांचे. आता सगळे मावते आणि आईचे नाव दहा पावलांवरून वाचता येते. त्या मुलाने पण तसेच केले.

काम झाल्यावर दोन वेळा साठवायचे. ‘सेव्ह’ केले की एक्ससीएफ फाइल होते, तिच्यात सगळे थर सुटे राहतात. ‘एक्सपोर्ट’ करून पीएनजी करायची, ती छापायला द्यायची. जेपीजी केली तर थर राहत नाहीत आणि अक्षरांच्या कडेला बारीक घाण दिसते.

तिसरीच्या मुलांना पट्टी करायची असेल तर आमची एक्ससीएफ फाइल लॅपटॉपवर ‘पट्ट्या’ या फोल्डरमध्ये आहे. डावीकडचे ‘ए’ अक्षराचे चिन्ह दाबून नावावर टिचकी मारा आणि तुमचे नाव लिहा. शनिवारी शाळा सुटल्यावर वीज असली तर मी आणि गुरुजी थांबतो. येताना पांढऱ्या कागदावर काढलेले चित्र घेऊन या, पेन्सिलीचे नको, काळ्या स्केचपेनचे.

इयत्ता ४ थी, विंचूर