मागे वळून पाहणारं कलम

परभणीत १ एप्रिल १९५१ रोजी फौजदारी कायदा बदलला. निजामकाळापासूनची दंडसंहिता गेली, भारतीय दंडसंहिता आली. १ जुलै २०२४ला तीही जाऊन भारतीय न्याय संहिता आली. पण जुन्या गुन्ह्यांना दोन्ही खेपेला जुनाच कायदा लागू राहिला. गुन्ह्याच्या वेळी होती त्याहून कडक शिक्षा मागाहून देता येत नाही, असं संविधानाचं कलम २०(१) बजावतं. सौम्य कायद्याला मात्र मागे जायची मुभा आहे, आणि तो किती मागे जाऊ शकतो हे पाहून थक्क व्हायला होतं.

२६ ऑगस्ट १९९४. पुण्यात पौड रस्त्यावरच्या एका घरात सात जणांचा खून झाला, त्यांत दोन मुलं. आरोपी तिघे. एक माफीचा साक्षीदार झाला नि सुटला. उरलेल्या दोघांना १९९८मध्ये फाशी सुनावली गेली, २०००मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्यातल्या एकाची फाशी २०१६मध्ये राष्ट्रपतींनी जन्मठेपेवर आणली.

दुसऱ्याला दयेने नव्हे, कायद्याने सोडवलं. २०१५च्या बाल न्याय कायद्याचं कलम ९(२) म्हणतं, गुन्ह्याच्या वेळी मी अल्पवयीन होतो, हा दावा कुठल्याही न्यायालयात, कधीही करा. अंतिम निकाल लागून गेला असला तरी चालेल. गंमत अशी, की त्याच्यासारखा बारा वर्षांचा मुलगा १९८६च्या कायद्यातही अल्पवयीनच होता. पुढच्या कायद्यांनी दिला तो निकालानंतरही विचारायचा हक्क.

२०१८मध्ये त्याने अर्ज केला. खटल्यातलं नाव एक, राजस्थानातल्या शाळेच्या नोंदवहीतलं दुसरं. दोन्ही नावं एकाच माणसाची, हे आधी सिद्ध करावं लागलं. पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी चौकशी केली. नोंदीप्रमाणे जन्म १९८२चा, म्हणजे गुन्ह्याच्या वेळी वय साडेबारा.

इतका लहान मुलगा असं क्रौर्य करेल? मलाही पटत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनाही धक्का बसला होता, पण नुसत्या तर्कावर कागद नाकारता येत नाही, असं त्यांनी ठरवलं. २७ मार्च २०२३ला सुटकेचा आदेश निघाला. त्या वयाच्या अल्पवयीनाला जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता येतं. तोवर त्याची तुरुंगात अठ्ठावीसहून अधिक वर्षं गेली होती.