संगणकासाठी पाण्याचा कूलर : धंदा छोटा, जोखीम मोठी

कूलर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खिडकीला लावलेला, वाळ्याच्या ताट्यांचा डबा येतो. आज आम्ही ज्या कूलरची माहिती देत आहोत तो वेगळा आहे. तो संगणकाच्या पेटीत बसतो आणि त्यातले पाणी बंद नळ्यांतून फिरत राहते. गिऱ्हाइकाच्या पेटीच्या मापाने असा कूलर बांधून देण्याचा धंदा अनेक देशांत चालतो. लेथवर हात बसलेला कारागीर आणि संगणक जोडणारा तरुण एकत्र आले तर आपल्याकडेही तो करता येईल. मात्र त्यात पैसा कुठे अडकतो आणि नुकसान कुठून येते, हे आधी समजून घ्यावे.

गरज का पडली?

१९९३ च्या पहिल्या पेंटियम प्रोसेसरची उष्णता सुमारे १५ वॅट होती. २०२३ मध्ये आलेला इंटेलचा कोअर आय-९ १४९००के पूर्ण जोरात २५३ वॅटपर्यंत जातो. एनव्हिडियाचे २०२२ चे आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड ४५० वॅट घेते. तेवढ्याच जागेतले पाणी हवेपेक्षा सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेते. म्हणून व्हिडिओ एडिटिंग, ॲनिमेशन आणि गेम यांसाठी लागणाऱ्या भारी संगणकांना पाण्याचा कूलर बसवतात.

रचना

प्रोसेसरवर तांब्याचा पोकळ ठोकळा बसतो, त्याला वॉटर ब्लॉक म्हणतात. पंप पाणी फिरवतो, रेडिएटर व पंखे ते थंड करतात. त्याशिवाय छोटी टाकी, नळ्या आणि जोड लागतात. जोडांचे आटे बहुधा पाव इंची बीएसपी असतात, म्हणजे आपल्या कारागिरांच्या ओळखीचेच.

येथे दोन चुका हमखास होतात. पहिली, स्वस्त पडतो म्हणून तांब्याच्या ब्लॉकला ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडणे. हे दोन धातू एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम खात जाते आणि गाळ ब्लॉकच्या बारीक खाचांत अडकतो. बोअरचे पाणी तर कधीच वापरू नये. डिस्टिल्ड पाणी घ्यावे आणि त्यात गंज व शेवाळ रोखणारे औषध घालावे. दुसरी चूक, मोठा पंप लावणे. मिनिटाला चार लिटर पाणी फिरले तर २५० वॅट उष्णतेने ते एका फेरीत एक अंशही तापत नाही. म्हणून पैसा पंपाऐवजी मोठ्या रेडिएटरवर घालावा.

फेरबदल कशात करावा?

गिऱ्हाइकाला नळीची लांबी, रेडिएटरचे माप आणि रंग खुशाल निवडू द्यावा. ब्लॉक मात्र एकच ठेवून केवळ बसवायची चौकट बदलावी. इंटेलच्या २०२१ आणि २०२४ च्या सॉकेटची भोके सारखीच आहेत. एएमडीच्या २०१६ च्या सॉकेटचे बरेच कूलर २०२२ च्या सॉकेटवरही बसतात. ग्राफिक्स कार्डाचे तसे नाही. तिथे प्रत्येक बोर्डाची मांडणी वेगळी असल्याने ब्लॉकही वेगळा लागतो, आणि नवे कार्ड आले की जुना माल पडून राहतो.

या धंद्यातल्या दोन युरोपीय कंपन्यांची वाट पाहण्यासारखी आहे. डेन्मार्कच्या असेटेकने सुरुवात हौशी गिऱ्हाइकांपासून केली. पुढे तिने कारखान्यातच भरून बंद केलेला कूलर संगणक बनवणाऱ्यांना विकला आणि २०१३ मध्ये ती ओस्लोच्या शेअरबाजारात आली. स्लोव्हेनियाची ईके कंपनी हौशी लोकांसाठी सुट्या भागांचे असंख्य प्रकार बनवत मोठी झाली. २०२४ मध्ये तिच्याकडे कामगारांची व पुरवठादारांची देणी थकल्याच्या बातम्या आल्या. नाव जगभर असले तरी हातात रोकड लागतेच. पंप आणि ब्लॉक एकत्र करण्याच्या रचनेवर असेटेकने पेटंटचे खटले लढवले आहेत. तशी रचना करण्यापूर्वी जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा.

चाचणी

ही पायरी कधीही गाळू नये. पाणी भरण्यापूर्वी नळ्यांत हवेचा दाब अर्ध्या बारपर्यंत भरून ठेवावा आणि काटा उतरतो का ते पाहावे. मग पाणी भरून फक्त पंपाला वीज द्यावी. प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद ठेवून चोवीस तास पंप चालवावा. मोठ्या कंपन्यांचीही येथे फजिती झाली आहे. ॲपलने २००४ मध्ये काही पॉवर मॅक जी-५ संगणकांना असे कूलर दिले होते. पुढे त्यांतला द्रव गळून आतले भाग खराब झाल्याच्या तक्रारी आल्या.

नंतर पूर्ण भार देऊन तापमान स्थिर होईपर्यंत नोंद घ्यावी. त्यासोबत खोलीचे तापमान लिहिलेच पाहिजे. हा कूलर पाण्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. एकवीस अंशांच्या खोलीत काढलेला आकडा नागपूरच्या मे महिन्यात लागू पडणार नाही. म्हणून ‘खोलीपेक्षा इतके अंश जास्त’ असाच आकडा गिऱ्हाइकाला सांगावा. त्याच संगणकावर चांगला हवेचा कूलर लावून तुलनाही करावी. फरक थोडाच पडत असेल तर तसे स्पष्ट सांगावे.

विक्री

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात तयार कूलर मिळतात. त्यांच्याशी किमतीत टक्कर घेऊ नये. एडिटिंग स्टुडिओ, ॲनिमेशन शिकवणाऱ्या संस्था आणि संगणक जोडून देणारे दुकानदार यांच्याकडे चाचणीचा कागद घेऊन जावे. त्यांना बसवून देणे, वर्षातून एकदा पाणी बदलणे आणि जोड तपासणे यांची गरज असते, आणि नियमित कमाई त्यातच आहे.

गळतीने बोर्ड जळाला तर कूलरच्या किमतीच्या कित्येक पट नुकसान होते. भरपाई कोणी व किती द्यायची हे बिलावर आधीच लिहावे. निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी, ऑर्डरशिवाय माल बनवू नये आणि पहिला कूलर स्वतःच्या संगणकावर काही महिने चालवून पाहावा. तो कोरडा राहिला तरच दुसऱ्याच्या संगणकाला हात लावावा, एवढेच आमचे सांगणे आहे.