जमिनीतील ट्रॅप व त्याच्या प्रायमरची परीक्षा

सांडपाण्याच्या नळाला बाक देऊन त्यात पाणी अडवून धरण्याची युक्ती अलेक्झांडर कमिंग याच्या १७७५ च्या पेटंटात आढळते. या बाकास ट्रॅप म्हणतात. त्यात साधारणतः ५० मिलिमीटर खोलीचे पाणी असते, आणि गटारातील हवा व राहते घर यांच्यामध्ये एवढाच काय तो पडदा असतो. हात धुण्याच्या भांड्याखालील ट्रॅप वापरामुळे नित्य भरला जातो. न्हाणीघराच्या जमिनीतील जाळीखालचा ट्रॅप मात्र, जमीन धुण्याऐवजी पुसण्याची चाल पडली की, बाष्पीभवनाने कोरडा पडतो.

याचा परिणाम केवळ दुर्गंधीपुरता राहतोच असे नाही. हाँगकाँगमधील अमॉय गार्डन्स या वसाहतीत २००३ च्या मार्चमध्ये सार्सचा उद्रेक होऊन ३२१ रहिवासी बाधित झाले. अनेक घरांतील जमिनीचे ट्रॅप कोरडे होते, आणि न्हाणीघरातील पंखा चालू होताच नळातील दूषित तुषार आत ओढले गेले असावेत, असे अन्वेषणाअंती मानले गेले.

ट्रॅपमध्ये आपोआप पाणी पडावे म्हणून अमेरिकेत प्रायमर नावाची झडप बसवितात. तिचा एक प्रकार दाबाच्या उतारावर चालतो. जवळची तोटी उघडली की नळातील दाब क्षणभर उतरतो, आतील दट्ट्या हलतो व थोडे पाणी बारीक नळीने ट्रॅपकडे जाते.

तपासनीस बहुधा विजेरीचा झोत जाळीत टाकतो, पाणी चमकताना पाहतो आणि समाधान मानतो. ही परीक्षा अपुरी होय. दिसलेले पाणी प्रायमरने दिले की काल कोणी बादली ओतली, हे त्यावरून कळत नाही. म्हणून ट्रॅपमधील थोडे पाणी काढून घ्यावे, पातळीची खूण करावी, आणि जवळची तोटी झटकन उघडून बंद करावी; असे अनेकदा केल्यावर नळीच्या मुखाशी पाणी येते की नाही, हे पाहावे. न आल्यास दट्ट्यापाशी गाळ अडकला असण्याचा संभव प्रथम विचारात घ्यावा. उलटपक्षी, सर्व तोट्या बंद असूनही ठिबक चालूच असेल, तर आतील रबरी कडे झिजलेले असते. या दुसऱ्या दोषाकडे लक्ष जात नाही, कारण ट्रॅप भरलेलाच दिसतो. वाया जाते ते पाणी. झडपेच्या हवेच्या खिडक्याही मोकळ्या असाव्यात, नाहीतर गटारातील घाण पिण्याच्या नळात उलट शोषली जाण्याची भीती असते.

आपल्याकडे प्रायमर क्वचितच दिसतो. नहाणी ट्रॅपमध्ये स्नानाचे पाणी रोज पडते, हे त्याचे एक कारण. शिवाय गच्चीवरील टाकीच्या पाण्यास वरच्या मजल्यांवर असा दट्ट्या हलविण्याइतका दाब सहसा नसतो. उन्हाळ्यात घर बंद ठेवून जाणाऱ्यांनी ट्रॅप भरून वर थोडे खनिज तेल ओतल्यास बाष्पीभवन बरेच मंदावते.