गुळाचा रवा कितीला पडला?

वाचकहो, आमचा एक जुना विद्यार्थी कोल्हापूरच्या बाजूला गुऱ्हाळ चालवतो. एके दिवशी तो चेहरा पाडून आमच्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, हंगाम बरा गेला. पैसाही आला. पण काहील गळायला लागलीया, अन् नवी घ्यायला हातात दमडी नाही. पैसा गेला कुठं?"

आम्ही त्याची वही पाहिली. दोन टन उसाचे एक आधण. त्यातून ३० किलोचे सात रवे, म्हणजे २१० किलो गूळ. भाव किलोला ४१ रुपये. आले ८,६१० रुपये. खर्चाच्या बाजूला मजुरी १,४००, डिझेल ३००, आणि भेंडी, चुना, कापड मिळून १००. म्हणजे १,८०० रुपये. बाकी सगळा नफा!

"आणि ऊस रे?" आम्ही विचारले.

"ऊस घरचाच की, गुरुजी."

इथेच घोटाळा होता. घरचा ऊस फुकट नसतो. तोच कारखान्याला घातला असता, तर टनाला ३,००० धरून ६,००० रुपये आले असते. ते खर्चात धरलेच पाहिजेत. घरची माणसे राबतात त्यांचेही तसेच. त्याची बायको रोज रस गाळायला उभी असे. तिची मजुरी वहीत नव्हती. (आमच्या पाहण्यातल्या बहुतेक वह्यांत ती नसते.) ती १,४०० मध्ये बसवून घेऊ, असे तोच म्हणाला.

आता खर्चाच्या जाती पाहू. रव्याकडे बोट दाखवून "हा यात गेला" असे ज्याबद्दल सांगता येते, तो प्रत्यक्ष खर्च. ऊस हा प्रत्यक्ष माल. गुळव्या आणि घाण्यावरचे गडी यांची मजुरी ही प्रत्यक्ष मजुरी. भेंडी, चुना, डिझेल, काहिलीची झीज, जागेचे भाडे हा अप्रत्यक्ष खर्च. भेंडीचा रस मळी काढायला रसात पडतो हे खरे. पण तो इतका थोडा, की रव्यारव्यावर मांडत बसणे परवडत नाही. म्हणून तो अप्रत्यक्षात टाकतात. गूळ बाजारात न्यायचे गाडीभाडे आणि हमाली मात्र यात नाही. तो विक्रीचा खर्च. त्याचे पान वेगळे.

दुसरी वाटणी याहून निराळी आहे. एक आधण वाढले की जो वाढतो तो बदलता खर्च. ऊस, मजुरी, डिझेल, भेंडी हे सगळे बदलते. इथे एका आधणाला ते ७,८०० रुपये. आधण घाला वा न घाला, जो चुकत नाही तो स्थिर खर्च. जागेचे भाडे हंगामाला ३०,०००. घाण्याची झीज नि दुरुस्ती २०,०००. काहील ५०,००० ची, ती पाच हंगाम टिकते असे धरले तर वर्षाला १०,०००. एकूण ६०,०००. म्हणजे डिझेल अप्रत्यक्ष असूनही बदलते, आणि भाडे अप्रत्यक्ष असून स्थिर. या दोन वाटण्यांची गल्लत करू नये.

त्याने हंगामात ५० आधणे काढली. ६०,००० भागिले ५०, आधणाला १,२०० पडले. त्यात ७,८०० मिळवा. झाले ९,०००. आले होते ८,६१०. म्हणजे दर आधणाला ३९० रुपये तोटा, हंगामात १९,५०० रुपये! काहिलीचे दरसाल १०,००० बाजूला पडायचे, ते कधी पडलेच नव्हते. घरखर्चात गेले.

पोर गप्प बसले. मग म्हणाले, "गुरुजी, १०० आधणं काढली असती तर?"

प्रश्न आम्हाला फार आवडला. १०० आधणे निघाली, तर तेच ६०,००० आधणाला ६०० पडतात. खर्च ८,४००. किलोला ४० रुपये. भाव तोच ४१, तरी आधणाला २१० रुपये सुटतात. अर्थात घाणा दुप्पट चालला तर झीजही थोडी वाढेल. तेवढे ध्यानात ठेवावे.

पण एवढा ऊस त्याच्या रानात नव्हता. यंदा त्याने शेजारच्या दोघांचा ऊस गाळायला घेतला आहे. वहीत ऊस, मजुरी, झीज अशी तीन निराळी पाने घातली आहेत. बायकोची मजुरी दुसऱ्या पानावर पहिल्याच ओळीत आहे.