टापूवरचं जंगल

सरदार सरोवराची पूर्ण जलसाठा पातळी १३८.६८ मीटर, तर किमान पातळी ११०.६४ मीटर. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत, सातपुड्याचे उतार या दोन आकड्यांमधल्या अठ्ठावीस मीटरांत बुडतात आणि पुन्हा उघडे पडतात. तिथे गाळ बसतो. कुठलंही झाड तिथे धड वाढत नाही. पूर्ण जलसाठा रेषेच्या वर उरलेल्या काही टेकड्या पाण्यानं वेढल्या आणि टापू झाल्या. मणिबेली, चिमलखेडीसारख्या गावांत शेजारच्या पाड्यावर जायलाही बोट लागते. १५ सप्टेंबर २०१९ रोजी धरण पहिल्यांदा काठोकाठ भरलं आणि पाण्याचा हा वेढा पक्का झाला.

या प्रकल्पात महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली. बुडालेल्या जमिनीत ६,४८८ हेक्टर वनजमीन होती, शेतजमिनीच्या चौपटीहून अधिक. मग विस्थापितांना जमीन द्यायची म्हणून तळोद्याचं चार हजारांहून अधिक हेक्टर राखीव वन मोकळं केलं गेलं. एकाच धरणानं सातपुड्याचं जंगल दोनदा नेलं. टापूंवर जे उरलं, ते राखण्याला म्हणूनच मोल आहे.

हे राखणं सोपं नाही. नदीकाठची सुपीक जमीन पाण्याखाली गेली की शेती, गुरं आणि सरपण यांचा सगळा भार माथ्यावर येतो. त्यातून तुकड्या-तुकड्यांत अडकलेलं जंगल आपोआपही ढासळतं. व्हेनेझुएलातल्या गुरी जलाशयाच्या बेटांवर जॉन टेरबॉर्ग आणि सहकाऱ्यांनी हे मोजलं. शिकारी प्राणी नाहीसे झाल्यावर पानं खाणाऱ्या मुंग्या आणि माकडं बेसुमार वाढली आणि नवी रोपं तग धरेनात. थायलंडच्या च्यू लार्न जलाशयात तर दहा हेक्टरांहून लहान बेटांवरचे स्थानिक छोटे सस्तन प्राणी पाचेक वर्षांतच जवळजवळ संपले. टापूवर नुसतं कुंपण घालून भागत नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

मग करायचं काय? खड्डे खणून एकाच जातीची रोपं लावण्याचा सरकारी शिरस्ता मला इथे व्यर्थ वाटतो. साग, धावडा, टेंभुर्णी यांचे खुंट जमिनीत जिवंत असतात. चराई आणि कुऱ्हाड थांबली तर फुटवे आपसूक उभे राहतात. धावड्याचं हलकं बी वारा नेतो, मोहाचं बी वटवाघळं पाण्यापलीकडे नेऊ शकतात. पण टेंभुर्णीसारख्या झाडांचं बी पसरवण्यात अस्वलं आणि माकडं यांचा मोठा वाटा असतो, आणि लहान टापूवर ती टिकणं कठीण. अशी झाडं माणसानंच लावायला हवीत. कुठला उतार कुठल्या झाडाला मानवतो, हे भिल्ल आणि पावरा म्हातारी माणसं कुठल्याही रोपवाटिकेपेक्षा नेमकं सांगतील. मोहफुलं, चारोळी, आवळा, आमचूर यांतून घरात पैसा येतो. पोटाला उपयोगी पडणारं झाड गाव तोडू देत नाही.

याचा पुरावा शेजारीच आहे. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं बारीपाडा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी कुऱ्हाडबंदी केली, दंड ठरवले, राखण आळीपाळीनं वाटून घेतली. चारशेहून अधिक हेक्टर जंगल परतलं, विहिरींना पाणी आलं. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. बारीपाड्यात बंदी गावानंच घातली, म्हणून ती टिकली. वनखात्यानं लादलेली बंदी इतकी पाळली गेली नसती, असं माझं ठाम मत आहे.

टापूंवर नेमकी इथेच अडचण येते. २००६ च्या वनहक्क कायद्यातलं कलम ३(१)(झ) ग्रामसभेला सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क देतं. पण ज्या गावाचा मोठा भाग कागदावर बुडीत किंवा पुनर्वसित आहे, तिथे मागे राहिलेल्या कुटुंबांच्या ग्रामसभेनं हक्क मागायचा कशाच्या आधारावर? पूर्ण जलसाठा रेषेच्या वरची प्रत्येक टेकडी मोजून तिच्या सीमा नकाशावर आणणं, तिथे राहणाऱ्यांची नोंद करणं आणि सामूहिक हक्काचा दावा जिल्हास्तरीय समितीपर्यंत नेणं, ही कामं रोपांच्या आधी व्हायला हवीत. त्यासाठी मोजणीच्या पथकाला बोट लागेल, आणि पाणी उतरलेलं असताना, उन्हाळ्यात जावं लागेल, कारण तेव्हाच टापू आणि काठ यांतला जोड उघडा पडतो.