किल्ली हरवली, खजिना नाही!

दोस्तांनो, आधी एक खरी घडलेली गोष्ट ऐका. नॉर्वे देशात इवार आसेन या भाषापंडिताच्या नावाचं एक भाषाकेंद्र आहे. रेइदार ड्यूपेदाल नावाच्या प्राध्यापकांचा भलामोठा ग्रंथसंग्रह तिथे आला. त्यातल्या सुमारे ११ हजार पुस्तकांची यादी संगणकावर होती. पण पासवर्ड ठाऊक असलेली व्यक्तीच वारली! झालं! यादी संगणकातच होती, पण काही केल्या उघडेना. अखेर २००२ साली, 'हे कुलूप कुणी उघडून देईल का?' असं केंद्राने जाहीरपणे विचारलं. काही तासांतच उत्तर आलं. पासवर्ड काय असावा? प्राध्यापकांचंच आडनाव, पण उलट्या क्रमाने लिहिलेलं!

आहे की नाही गंमत? किल्ली हरवली होती, खजिना जिथल्या तिथे होता.

आपल्या घरच्या संगणकाचंही असंच असतं. एका वाड्यात ताई, दादा आणि बाबांच्या वेगवेगळ्या खोल्या आहेत अशी कल्पना करा. संगणकातलं 'खातं' म्हणजे खोलीचं दार आणि पासवर्ड ही त्याची किल्ली. विंडोज असलेल्या संगणकात सी ड्राइव्हवर 'यूजर्स' नावाचा फोल्डर असतो. त्यात प्रत्येकाची खोली, म्हणजे त्याच्या नावाचा फोल्डर. तुमचा शाळेचा प्रकल्प आणि सहलीचे फोटो बहुधा तिथेच असतात.

समजा, एके दिवशी संगणक सुरू केला आणि पडदा कोरा! सगळ्या फाइली गायब! रडू नका. कधी कधी विंडोजला तुमची खोली नीट उघडता येत नाही. मग तो तुम्हाला तात्पुरत्या खोलीत बसवतो. तिथे नवीन काही लिहून ठेवू नका बरं, कारण बाहेर पडताच ती खोली पुसली जाते. संगणक बंद करून पुन्हा सुरू करा. तरीही जमलं नाही, तर 'यूजर्स'मध्ये डोकावा. जुना फोल्डर बहुतेक वेळा तिथेच असतो.

पासवर्डच विसरलात तर? घरात कुणाचं 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' खातं असेल, तर ते वाड्याच्या मालकासारखं असतं. त्यातून आई-बाबा तुमचा फोल्डर उघडून फाइली पेन ड्राइव्हवर घेऊ शकतात. तसं खातंही नसेल, तर जाणकार माणूस पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करतो आणि फाइली बाहेर काढतो. म्हणजे दार बंद असलं, तरी खिडकीतून सामान काढायचं!

पण खिडकीलाही गज असू शकतात. हल्लीच्या पुष्कळ संगणकांत 'बिटलॉकर' असतो. तो सगळी माहिती सांकेतिक लिपीत बदलून ठेवतो. तिथे ४८ अंकी 'रिकव्हरी की' लागते. ती नसेल, तर मोठमोठे तज्ज्ञही हात टेकतात.

आणि कुणी खातंच पुसून टाकलं, तेही फाइलींसकट? तरीही थोडी आशा असते. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर फाइल पुसली, की फक्त तिचा पत्ता खोडला जातो. मजकूर तसाच असतो, त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत! म्हणून अशा वेळी पहिला नियम : संगणक ताबडतोब बंद करा. गेम नको, गाणी नकोत. मग 'फोटोरेक'सारख्या मोफत प्रोग्रॅमने पुष्कळ फाइली परत मिळू शकतात. नव्या एसएसडी डिस्क मात्र पुसलेली जागा लवकरच खरोखर साफ करतात. तिथे आशा फार कमी.

आणखी एक गोष्ट. ही युक्ती आपल्याच खोलीसाठी, किंवा मालकाने 'हो' म्हटलं तरच. ताईची डायरी वाचण्यासाठी मुळीच नाही!

नॉर्वेचं कुलूप उघडलं, कारण पासवर्ड सोपा होता. तुमचा तसा सोपा ठेवू नका. मात्र पासवर्ड आणि तो ४८ अंकी आकडा एका वहीत लिहून वही आईच्या कपाटात ठेवा. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत पेन ड्राइव्हवरही असू द्या. मग किल्ली हरवली, तरी तुम्ही निर्धास्त!

काय, आज संध्याकाळीच करणार ना एवढं?