कन्हान एक, कायदे दोन

पांढुर्ण्याबाहेरच्या माणसानं जाम नदीचं नाव ऐकलं असेल, तर ते गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगावच्या मधल्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, दोन्ही काठांवर माणसं उभी राहून एकमेकांवर दगड मारतात आणि त्या एका दिवसाची बातमी देशभर जाते. हीच जाम पुढे कन्हानला मिळते. कन्हान सौंसर तालुक्यातून नागपूर जिल्ह्यात उतरते, पेंचला सोबत घेते आणि आंभोऱ्याला वैनगंगेत विसर्जित होते. या नद्यांवर पांढुर्ण्या-सौंसरची संत्री उभी आहेत, तसंच नागपूर-कामठीचं पिण्याचं पाणीही.

आपल्याकडे पर्यावरणाचा विषय निघाला की बोलणं झाडं लावण्यावर आणि प्लास्टिकच्या पिशव्यांवर येऊन थांबतं. दोन्ही गोष्टी कराव्यातच. पण कन्हानच्या पात्रात मे महिन्यात पाणी असेल की नाही, हे कलेक्टर कचेरीत, भोपाळ-मुंबईच्या मंत्रालयांत आणि दिल्लीतल्या अधिसूचनांत ठरतं. त्याबद्दल गावोगावी जे समज पक्के बसले आहेत, त्यातले काही इथे तपासून पाहू.

“पाणी देवाचं, त्यात राजकारण कुठून आलं?”

१९५६ पर्यंत सौंसर, पांढुर्णा आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. छिंदवाडा जिल्हा, त्यातल्या या मराठी मुलखासकट, मध्य प्रदेशात राहिला. सोयरिकी तुटल्या नाहीत, संत्र्याची बाजारपेठ नागपूरच राहिली. नदी मात्र कागदावर दोन राज्यांची झाली.

घटनेच्या सातव्या अनुसूचीत पाणी हा राज्यांचा विषय आहे आणि आंतरराज्य नद्यांचं नियमन करण्याचा अधिकार केंद्राला आहे. त्यामुळे नदी सीमा ओलांडते तिथे करार लागतो. पेंच आणि कन्हानच्या पाण्यासाठी दोन्ही राज्यांनी १९६४ मध्ये करार केला आणि पुढे १९८० मध्ये गोदावरी पाणीतंटा लवादाचा निवाडा आला. या वाटपाच्या आधारावर महाराष्ट्राच्या बाजूला तोतलाडोहचा जलाशय उभा राहिला आणि वरच्या अंगाला, छिंदवाडा जिल्ह्यात, माचागोरा. नागपूरकर त्याला चौराईचं धरण म्हणतात.

२०१९ मध्ये पावसानं ओढ दिली, तोतलाडोह मृत साठ्यावर गेलं आणि नागपूरकरांना दिवसाआड पाणी घ्यावं लागलं. “मध्य प्रदेशानं पाणी चोरलं,” हे वाक्य तेव्हा नागपुरात घरोघरी ऐकू यायचं. ते चुकीचं होतं. मध्य प्रदेश करारातला स्वतःचा वाटा वापरायला लागला होता. तो अनेक वर्षं वापरात नव्हता, म्हणून खाली येत होता आणि खालच्या शहरानं तो आपलाच धरला होता. माझ्या मते खरी उणीव वेगळीच आहे. त्या काळच्या वाटपात शेती, वीज, पिण्याचं पाणी हे सगळं मोजलं गेलं; नदी नदी म्हणून वाहती राहावी यासाठीचं पाणी मोजलं गेलं नाही. दोन राज्यं आपापला पूर्ण वाटा उचलतात, कोणीही करार मोडत नाही, आणि तरी पात्र कोरडं पडतं.

“रेती चोरी म्हणजे सरकारचा महसूल बुडाला, एवढंच”

उन्हाळ्यात कन्हानच्या पात्रात उतरून पाहा. वरची रेती तापलेली, पाय टेकवत नाही. हातभर उकरा, रेती गार लागते. अजून थोडं खणलं की झिऱ्यात पाणी जमायला लागतं, आधी गढूळ, मग नितळ. पावसाळ्यात नदी जे पाणी पिते ते या रेतीत साठतं आणि हळूहळू काठच्या विहिरींना मिळतं. रेती खडकापर्यंत खरवडून नेली की ती साठवण संपते. पूर येतो आणि निघून जातो, मागे थांबत काही नाही. महसूल वसूल करता येतो, दंडही भरून घेता येतो. काठची विहीर दंडानं भरत नाही.

रेती हे गौण खनिज. १९५७ च्या खाण कायद्यानं गौण खनिजांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला, त्यामुळे एकाच कन्हानवर रामाकोन्याला एक धोरण चालतं आणि सावनेरला दुसरं. मध्य प्रदेशानं २०१९ मध्ये स्वतंत्र रेती नियम केले आणि जिल्हानिहाय गटांनुसार ठेके दिले. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये डेपोवरून ६०० रुपये ब्रासनं रेती देण्याची योजना आणली आणि २०२५ मध्ये ती गुंडाळून नवं धोरण आणलं. एका बाजूला भाव चढला की दुसऱ्या बाजूच्या घाटावर रात्री ट्रॅक्टर वाढतात. हे सीमेवरच्या माणसाला सांगावं लागत नाही.

केंद्राच्या नियमांची गोष्ट तर मुद्दाम लक्षात ठेवावी. पाच हेक्टरपेक्षा लहान खाणपट्ट्याला पूर्वी पर्यावरण मंजुरी लागत नव्हती. मग देशभर मोठे पट्टे तुकडे करून लहान दाखवले गेले. २७ फेब्रुवारी २०१२ ला दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ही पळवाट बंद केली. २०१६ मध्ये केंद्रानं लहान पट्ट्यांची मंजुरी जिल्हा पातळीवरच्या समितीकडे सोपवली. २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं त्या व्यवस्थेला खीळ घातली. आता कोणत्याही घाटाचा लिलाव करण्याआधी जिल्हा सर्वेक्षण अहवाल लागतो आणि त्यात दर पावसाळ्यात किती रेती नव्यानं येते याचा अभ्यास असावा लागतो. त्या अभ्यासाशिवायचा अहवाल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये पुन्हा बजावलं.

म्हणजे हेक्टरच्या एका मर्यादेनं, एका समितीच्या रचनेनं नदीचा तळ वाचतो किंवा जातो. याला राजकारण म्हणायचं नाही, तर दुसरं काय म्हणायचं?

“पाऊस कमी झाला म्हणून बोअर आटले”

पांढुर्ण्याच्या शिवारात बोअरची गाडी लागली की आजूबाजूचे चार शेतकरी बांधावर येऊन बसतात. आधी काळी माती निघते, मग पिवळसर मुरूम, आणि त्यानंतर काळा पत्थर. करड्या भुकटीचा लोट उठतो, संत्र्याच्या पानांवर बसतो. भुकटी ओली झाली की सगळे उठून उभे राहतात. कोरडीच राहिली की कोणी काही बोलत नाही, मीटर मात्र फुटाफुटानं पुढे सरकत असतो.

आपल्याकडचा हा खडक दख्खनचा बेसाल्ट. नदीकाठच्या गाळात पाणी सगळीकडे पसरलेलं असतं, तसं या खडकात नसतं. ते वरच्या कुजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत असतं. भेग लागली तर पाणी, नाही तर शेकडो फूट खोल भोक. त्यात संत्र्याचा आंबिया बहार. हिवाळ्यात ताण देऊन झाड फुलवायचं आणि मग मार्च ते जून फळ झाडावर टिकवायचं, म्हणजे विहिरी सर्वात खोल जातात तेव्हाच झाडाला सर्वात जास्त पाणी हवं. पाऊस एखाद्या वर्षी कमी पडतो हे खरं. पण बोअर चांगल्या पावसाच्या वर्षानंतरही आटतात, कारण उपसा भरण्यापेक्षा जास्त आहे.

आणि उपसा किती करायचा हे धोरणानं ठरवलेलं आहे, किंवा ठरवायचं टाळलेलं आहे. जमिनीखालचं पाणी जमीनमालकाचं, हा समज १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून चालत आला. पंपाचं बिल अश्वशक्तीवर लागतं, किती पाणी उपसलं त्यावर लागत नाही, आणि त्यातलाही मोठा भाग सरकार भरतं. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २४ सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये उद्योगांना परवानगी घ्यावी लागते, शेतीला सूट आहे. देशातलं सर्वाधिक भूजल शेतीच वापरते, म्हणजे मुख्य वापरच नियमाच्या बाहेर.

“मग मध्य प्रदेशात भूजलाला कायदाच नाही का?” आहे. १९८६ च्या पेयजल परिरक्षण कायद्यानुसार कलेक्टर एखादा भाग पाणीटंचाईग्रस्त जाहीर करून नवे बोअर बंद करू शकतो. उन्हाळ्यात असे आदेश निघतात. पण तो कायदा पिण्याचं पाणी वाचवण्यासाठी आहे. पाऊस आला की बंदी उठते आणि गाड्या पुन्हा लागतात.

सीमेपलीकडे महाराष्ट्रानं २००९ मध्ये भूजलाचा सर्वंकष कायदा केला आणि तो २०१४ मध्ये लागू झाला. शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला त्यात मनाई आहे. कायदा कागदावर उत्तम आहे. आणि तरी पांढुर्ण्याच्या शेजारचे वरूड आणि मोर्शी हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी राज्यात ओळखले जातात, बोअर ६० मीटरच्या कितीतरी खाली गेले, बागा वाळल्या. संत्रा उत्पादकाच्या मतांची काळजी दोन्ही राज्यांतल्या सगळ्या पक्षांना आहे, त्याच्या विहिरीची काळजी कायद्यापुरती. हे मी शेतकऱ्याला दोष देण्यासाठी लिहीत नाही. शेजाऱ्यानं पाचशे फूट मारलं तर मी तीनशेवर कसा थांबू, हा त्याचा प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर एकेकट्या शेतकऱ्याकडे नाही, सगळ्यांना सारख्या लागू होणाऱ्या नियमाकडे आहे.

“झाडं तोडली तर दुप्पट लावू”

हे वाक्य प्रत्येक भूमिपूजनाला ऐकू येतं. २ जुलै २०१७ ला मध्य प्रदेशानं नर्मदेच्या खोऱ्यात बारा तासांत ६ कोटींहून अधिक रोपं लावल्याचं जाहीर केलं. पुढे सरकार बदलल्यावर त्याच लागवडीची चौकशी जाहीर झाली. रोप लावण्याचा आकडा त्याच दिवशी मिळतो; जगलेल्या झाडांचा आकडा पाच वर्षांनी मोजावा लागतो आणि तोवर सरकार दुसरं आलेलं असतं.

जंगल भरून देता येत नाही याचं जवळचं उदाहरण पेंचच्या जंगलाचं आहे. नागपूर-शिवनी महामार्ग व्याघ्र प्रकल्पातून जातो. चौपदरीकरणाचा वाद वर्षानुवर्षं न्यायालयांत चालला आणि शेवटी रस्ता जागोजागी उचलून खालून प्राण्यांना वाट ठेवली गेली. महाराष्ट्राच्या हद्दीत अशा नऊ वाटा आहेत आणि त्यांतून वाघ जातात, हे भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांनी टिपलं. पेंच ते सातपुडा हा वाघांचा जायचा-यायचा पट्टा छिंदवाड्याच्या जंगलांतून जातो. तिथे रस्ता रुंद करताना कुठे पूल ठेवायचा हे आराखड्यात ठरलं तर ठरलं, नंतर कितीही रोपं लावली तरी ती वाट उघडत नाही.

“खाणीचा पैसा सरकारजमा, आपला काय संबंध?”

भूगर्भशास्त्रात सौंसरचं नाव जगभर माहीत आहे. छिंदवाड्यापासून बालाघाटपर्यंतच्या मँगनीज असलेल्या खडकांच्या समूहालाच ‘सौंसर समूह’ म्हणतात. खाण कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणपट्टेधारकाला रॉयल्टीच्या वर ठरावीक रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरावी लागते, आणि ती खाणीची झळ बसलेल्या भागासाठीच असते. २०२४ च्या सुधारित सूचनांनुसार त्यातली किमान ७० टक्के रक्कम पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा प्राधान्याच्या कामांवर खर्च करायची आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. पूर्वी छिंदवाड्याला जे ठरायचं ते आता इथे ठरतं. कामांची यादी कोण करतं, हे प्रत्येक ग्रामसभेनं विचारावं.

“जनसुनावणी होते, पण आपलं कोण ऐकतं?”

हा समज मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे. सुनावणीत विरोध झाला म्हणून प्रकल्प आपोआप रद्द होत नाही. पण पर्यावरण मंजुरीबाबतच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीची ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते, सुनावणीचं चित्रीकरण करावं लागतं, आणि लोकांचे आक्षेप नोंदवून ते तिथेच स्थानिक भाषेत वाचून दाखवावे लागतात. नोंदवलेल्या आक्षेपाला उत्तर दिलं नाही, तर पुढे हरित लवादात मंजुरी टिकवणं अवघड जातं. जो आक्षेप नोंदवलाच नाही, त्याचा कुठेच उपयोग नाही.

इथे आपल्या मुलखाची एक खास अडचण आहे. प्रकल्पाचा सारांश हिंदीत येतो, घरी बोलणं मराठीत, आणि म्हातारी माणसं सुनावणीत गप्प बसतात. घटनेचं कलम ३५० सांगतं, की केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मराठी पांढुर्ण्यात-सौंसरात रोज वापरात आहे.

पर्यावरण मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे अपील करायला ३० दिवस मिळतात. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत मुदत वाढू शकते. त्यापुढे दार बंद होतं. कन्हानच्या सौंसरकडच्या काठाचं अपील भोपाळच्या खंडपीठात जातं, सावनेरकडच्या काठाचं पुण्याच्या. तेव्हा पुढच्या वेळी घाटाच्या लिलावाची किंवा सुनावणीची नोटीस लागली, की तिचा फोटो काढा, तारीख लिहून ठेवा, आपला आक्षेप मराठीत लिहून द्या, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.